शिमग्याची तारीख कोण ठरवते?

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावचा एखादा तरुण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून कोकणात नेमला जावा, ही आता मराठवाड्यात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अशा एका गुरुजीला फाल्गुनात घरून फोन येतो, असे समजू. आई विचारते, ‘‘काय रं, होळीला येतूस का? पुनवेला अजून आठ दिस हायेत.’’ आणि गुहागरकडच्या एखाद्या वाडीतल्या शाळेच्या पडवीतून हा सांगतो, ‘‘आई, इथं शिमगा कवाच सुरू झालाय. वर्गात चार पोरं हायेत, बाकी समदी ढोलामागं.’’

आईला हे कोडे वाटते, आणि ते खरोखरच कोडे आहे. पुनव सगळ्या मुलखाला एकच. मग तीनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या समुद्रकाठी तिच्या नावाचा सण आठ दिवस आधीच कसा सुरू झालेला असतो, आणि आपल्या गावी तो एका रात्रीत जळून राख होऊन दुसऱ्या दिवशीच्या धुळवडीत कसा संपतो? त्याहून जुने कोडे भिंतीवरच्या कॅलेंडराचे. 2023 साली धुळवड 7 मार्चला होती, 2024 साली 25 मार्चला, 2025 साली 14 मार्चला, आणि 2026 साली ती पुन्हा मार्चच्या पहिल्याच आठवड्यात आली. हा सण दरसाल अकरा दिवस मागे सरकतो आणि मध्येच एकदम अठरा-एकोणीस दिवसांची उडी पुढे घेतो, ती कोणाच्या हुकमाने? दोन्ही कोड्यांची किल्ली आकाशात आहे खरी, परंतु कुलूप जमिनीवरचे आहे. म्हणून आधी आकाशाकडे पाहू.

चंद्राची उसनवारी

एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. असे बारा महिने मिळून 354 दिवस होतात. ऋतू मात्र चंद्राला ओळखत नाहीत; ते सूर्याच्या हिशेबाने चालतात, आणि सूर्याचे वर्ष 365 दिवसांचे. म्हणजे चंद्राच्या वर्षाला दरसाल अकरा दिवसांची तूट येते. गावच्या दुकानदाराकडे उधारीची वही असते, त्याप्रमाणे ही तूट वहीवर चढत जाते: पहिल्या वर्षी अकरा, दुसऱ्या वर्षी बावीस, आणि तिसरे वर्ष सरण्यापूर्वीच ती महिनाभराची होते. तेव्हा पंचांग एक अख्खा महिना जादा धरून ते खाते बंद करते. हाच अधिकमास; आपल्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतात. हा महिना साधारणपणे तेहतीस महिन्यांनी येतो, ही गोष्ट अनारसे मोजणाऱ्या हातांना ठाऊक असो वा नसो. (धोंड्यात जावयाला देव मानणाऱ्या याच बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातील विडा या गावी, धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवण्याची प्रथा आहे. सासुरवाडीचा मान हाही एका प्रकारे चंद्राप्रमाणे कलेकलेने वाढतो आणि घटतो.)

परंतु जादा महिना नेमका कोठे घालायचा, हे कोण्या शास्त्रीबुवांच्या मर्जीवर सोडलेले नाही. त्याचा नियम इतका देखणा आहे, की तो समजून न घेता पुढे जाणे म्हणजे पंक्तीला बसून वरणभातावर उठण्यासारखे आहे. सूर्य वर्षभरात बारा राशींतून जातो; एका राशीतून दुसरीत तो शिरतो त्या क्षणाला संक्रांत म्हणतात. मकरसंक्रांत आपण तिळगुळाने साजरी करतो, पण अशा संक्रांती वर्षाला बारा. दोन संक्रांतींमधले अंतर सरासरी साडेतीस दिवसांच्या आसपास असते. आता माजलगावच्या सडकेवर समान अंतराने रोवलेले दगड डोळ्यांसमोर आणा. हे दगड म्हणजे संक्रांती. तुमच्या हाती दोन दगडांमधल्या अंतराहून किंचित आखूड अशी एक काठी आहे. ती म्हणजे चांद्रमास. ही काठी सडकेवर टोकाला टोक लावून मांडत चला. बहुतेक वेळा प्रत्येक काठीखाली एक दगड येईल. पण काठी आखूड असल्यामुळे दगड दर खेपेस थोडा थोडा पुढे सरकलेला दिसेल, आणि एक काठी अशी पडेल की ती दोन दगडांच्या मधोमध बसेल व तिच्याखाली एकही दगड नसेल. ज्या चांद्रमासात संक्रांत पडत नाही, तो अधिक. ज्या महिन्यात सूर्य मीन राशीत शिरतो तो फाल्गुन, ज्यात मेषेत शिरतो तो चैत्र. बिनदगडाच्या महिन्याला स्वतःचे नाव नसते, म्हणून तो पुढच्या महिन्याचे नाव उसने घेतो.

मीन संक्रांत सध्या 14 मार्चच्या सुमारास येते, आणि ती पोटात धरणारा महिना फाल्गुन ठरतो. त्यामुळे फाल्गुनाची पुनव फेब्रुवारीच्या अगदी अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत कोठेही पडू शकते, पण त्या चौकटीबाहेर ती जात नाही. दावणीला बांधलेल्या बैलाला दाव्याच्या लांबीपुरते फिरता येते, तसेच हे आहे. 2023 साली श्रावण अधिक आला म्हणून 2024 ची होळी पुढे उडाली, एवढाच त्या उडीचा अर्थ.

सरकारी वसुली आणि फसली साल

हे दावे नसते तर काय झाले असते, याचे उत्तर मराठवाड्याला दप्तरातून मिळालेले आहे. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र आहे. त्यात जादा महिना धरत नाहीत. म्हणूनच मोहरमची सवारी कधी पावसात, कधी थंडीत, तर कधी वैशाखाच्या उन्हात निघते, आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. श्रद्धेला याने काही बाध येत नाही. परंतु महसुलाला येतो. 33 सौर वर्षांत हिजरी वर्षे 34 होतात. पिके तेहतीस आणि सारावसुली चौतीस, असा हिशेब रयतेच्या मानगुटीस बसतो. पीक उभे असताना हप्ता मागणारा अंमलदार आणि पीक विकून झाल्यावर येणारा अंमलदार यांत रयतेच्या लेखी किती अंतर आहे, हे सांगायला नको.

म्हणून मोगलाईत अकबराच्या काळी पिकाशी जुळणारे एक सौर साल काढण्यात आले, आणि शाहजहानच्या अमदानीत ते दख्खनेत आले. ‘फसल’ म्हणजे पीक. पिकाचे साल ते फसली साल. निजामाच्या राज्यात, म्हणजे 1948 च्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्ह्यात, सरकारी कामकाज याच सालाने चाले. ऑक्टोबरच्या आरंभी आझूर महिन्याने ते सुरू होई, आणि त्याच्या आकड्यात 590 मिळवले की ते ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन निघे. हैदराबादवर भारतीय फौजा चालून आल्या, तेव्हा निजामाच्या कचेऱ्यांत फसली 1357 चालू होते. जुन्या सातबाऱ्यांवर नि खासरापत्रकांवर हा आकडा पाहून अजूनही काही मंडळी बुचकळ्यात पडतात.

म्हणजे दिंद्रुडच्या एखाद्या पाटलाच्या वाड्यात तीन कालगणना एकाच वेळी नांदत होत्या: देवघरात पंचांग, कचेरीच्या कागदावर फसली, आणि शेजारच्या आळीत सवारीसाठी हिजरी. पहिली चंद्र व सूर्य दोघांनाही बांधलेली, दुसरी एकट्या सूर्याला, तिसरी एकट्या चंद्राला. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा किनाऱ्याचा प्रवास सोपा होतो.

चौकट: पुढल्या होळीचा अदमास

या वर्षीच्या होळीच्या तारखेतून 11 दिवस वजा करा. मध्ये धोंड्याचा महिना येत असेल तर वजा न करता 18 किंवा 19 दिवस मिळवा. एखाद्या दिवसाच्या फरकाने तारीख सापडते. 2024 ची होळी 24 मार्चला. 11 वजा करता 2025 साठी 13 मार्च. आणखी 11 वजा करता 2026 साठी 2 मार्च. दर 19 वर्षांत सात अधिकमास येतात. त्यामुळे 19 वर्षांनी होळी जवळजवळ जुन्या तारखेवर परतते.

तिथीची पाऊणपट

देशावरच्या माणसाला पुनव दिसते. किनाऱ्यावरच्या माणसाला ती शिवाय ऐकूही येते. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होऊन समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक चढते आणि अधिक उतरते. याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात. दोन गड्यांनी एकच दोर दोन दिशांना ओढावा तसे होऊन पाणी मंदावते. ही भांगाची भरती.

किनाऱ्यावरचा जुना माणूस भरतीच्या वेळेसाठी कोष्टक उघडत नाही. तो तिथीची पाऊणपट करतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. याचे कारण असे, की चंद्र दररोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग तेवढीच लांबते. पंचांगाचे ज्ञान इतके सुटसुटीत करून हाती ठेवणारा दुसरा नियम माझ्या पाहण्यात नाही. ज्याच्या होडीचे नांगर उचलणे तिथीवर अवलंबून आहे, त्याला ‘आज कोणती तिथी?’ हा प्रश्न देवपूजेपुरता नसतो.

पुनवेचा आणखी एक गुण दोन्हीकडे सारखाच कामाचा. त्या दिवशी चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असल्यामुळे सूर्य मावळताना तो उगवतो आणि रात्रभर माथ्यावर राहतो. विजेचे खांब येण्यापूर्वी ज्या उत्सवाला शेकडो माणसांनी रात्री जमायचे, नाचायचे आणि पायवाटेने घरी परतायचे, तो उत्सव पुनवेच्या आसपास ठेवण्यात फार मोठे गूढ नाही. तेलाचा खर्च वाचतो.

पालखी घरोघर का हिंडते?

आता पहिल्या कोड्याकडे वळू. कोकणात शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीपासूनच, म्हणजे फाकपंचमीपासून, कोठे कोठे सुरू होतो. त्रयोदशीला ज्यांची पालखी निघते त्यांचे ते ‘तेरसे शिमगे’, आणि पौर्णिमेला ज्यांची होळी त्यांचे ‘भद्रेचे शिमगे’. (पौर्णिमेच्या तिथीच्या पूर्वार्धात भद्रा नावाचे करण असते, ते टळावे की त्यातच होळी लागावी, यावर देशभर ज्योतिष्यांचा वाद दरसाल पेटतो. कोकणाने तो वाद नावातच जिरवून टाकला आहे.) ग्रामदेवतेची चांदीची किंवा अन्य धातूची ‘रूपे’ वर्षातून एकदा बाहेर काढून पालखीत लावतात. माड, आंबा, पोफळ किंवा सुरमाड तोडून, तो जमिनीला टेकू न देता, खांद्यांवरून आरडाओरडा करीत आणतात आणि सहाणेसमोर, म्हणजे पालखी टेकवण्याच्या चौथऱ्यासमोर, उभा करतात. मग पालखी नाचते. भोई बदलतात, ढोलाची लय चढते, आणि खांद्यावरचा तो भार एका अंगावर कलता कलता जमिनीस लागतो की काय अशा बेताने पुन्हा उसळतो. काही गावांत पालखीकडून ‘खुणा’ काढवितात: एखादा नारळ कोणाला न सांगता जमिनीत पुरून ठेवतात, आणि पालखी त्या जागेवर येऊन अडली की गर्दीतून एकच आरोळी उठते. पुढे संकासूर, गोमू ही सोंगे आणि नमन-खेळे. आणि गोव्याकडे गेलात तर शिगम्यातला घोडेमोडणीचा नाच व रोमटामेळाची मिरवणूक.

याच्या उलट दिंद्रुडच्या बाजूची होळी. गोवऱ्यांचा ढीग, मध्ये एरंडाची फांदी, नैवेद्याची पुरणपोळी, पोरांची बोंब, नव्या गव्हाच्या ओंब्या आणि हरभऱ्याचा डहाळा. दुसऱ्या दिवशी धुळवड, आणि रंग म्हणाल तर पाचव्या दिवशीच्या पंचमीला. त्याच्या पुढल्या दिवशी पैठणची नाथषष्ठी, तिकडे दिंड्या निघालेल्या असतात.

हा फरक स्वभावाचा आहे, असे म्हणण्याची एक सोपी चाल आहे. मला ती पटत नाही. फरक वस्तीचा आहे. कोकणात पाऊस उदंड, डोंगराच्या कुशीत जागोजाग झरे व विहिरी. त्यामुळे घरे विखुरलेली, एका गावाच्या दहा वाड्या, आणि दोन वाड्यांमध्ये एखादा पऱ्या नाही तर चढण. अशा गावाला एका चौकात गोळा करणे कठीण. म्हणून देवच गावाकडे जातो. पालखीने प्रत्येक वाडीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर जायचे, तेथे ओटी भरून घ्यायची, गाऱ्हाणे ऐकायचे, तर पाच दिवस लागतील, नाही तर पंधरा. बालाघाटाच्या पायथ्याच्या मुलखात पाणी मोजके; विहीर नाही तर नदी जिथे, तिथेच गाव, आणि जुन्या दंग्याधोप्याच्या दिवसांत गावकुसाच्या आत दाटीवाटीने. तेथे एक बोंब सगळ्या गावाला ऐकू जाते. एकच होळी पुरते, एकच रात्र पुरते.

दुसरे कारण सवडीचे. कोकणचे भात कार्तिकापर्यंत घरात येते. राब भाजण्याचे काम लागेपर्यंत फाल्गुनात हात मोकळे असतात, आणि मुंबईचे चाकरमानी रजा टाकून घरी पोहोचतात. आमच्याकडे फाल्गुन म्हणजे ऐन सुगी. रब्बीची ज्वारी काढणीला, कणसे खळ्यावर, आभाळात अवकाळीचा ढग दिसला की पोटात गोळा. अशा वेळी पंधरा दिवस ढोल वाजवायला कोण मोकळे असणार?

तिरुवनंतपुरमच्या चुली आणि गोव्याचा इंत्रुज

किनारा धरून आणखी दक्षिणेस गेले की कालगणनेचे दावे बदलते. केरळात महिने चंद्राचे नव्हेत, सूर्याचे. संक्रांतीला महिना बदलतो, आणि म्हणून विषूचा सण, आपला पाडवा कितीही सरकला तरी, 14 किंवा 15 एप्रिललाच येतो. पण सगळेच सण असे खिळलेले नाहीत. तिरुवनंतपुरमच्या आट्टुकाल भगवतीचा पोंगाला कुंभ महिन्यात, पूरम नक्षत्रावर, पौर्णिमेच्या सुमारास असतो. त्या सकाळी लक्षावधी स्त्रिया रस्त्यांच्या कडेने, दुकानांच्या पायऱ्यांसमोर विटांच्या चुली मांडतात आणि नव्या मडक्यात तांदूळ, गूळ व खोबरे शिजवतात. पूरम म्हणजे आपली पूर्वा फाल्गुनी. ज्या फाल्गुनी नक्षत्रांजवळ पुनवेचा चंद्र दिसतो म्हणून महिन्याला फाल्गुन नाव पडले, त्यांतलेच एक. मग हा पोंगाला आणि आपली होळी एकाच पुनवेला यायला हवीत. 2023 साली आलीच: पोंगाला 7 मार्चला. 2025 साली पुन्हा 13 मार्चला, आपल्या होळीच्याच दिवशी. परंतु 2024 साली पोंगाला 25 फेब्रुवारीला झाला आणि होळी 24 मार्चला, म्हणजे चुली विझल्यावर महिन्याने!

आता वाचकाला याचा उलगडा स्वतःच करता येईल. केरळच्या कुंभ महिन्याची हद्द मीन संक्रांतीला, 14 मार्चच्या सुमारास, संपते. त्या हद्दीत जी पुनव पडेल ती त्यांची. आपल्याकडे मीन संक्रांत ज्या महिन्याच्या पोटात पडेल, त्या महिन्याची पुनव आपली. 2024 साली नवा चांद्रमास 11 मार्चला सुरू झाला आणि संक्रांत लगेच तीन दिवसांनी आली. त्यामुळे तो फाल्गुन ठरला, पण त्याची पुनव पडली तेव्हा केरळात मीन महिना लागून दहा दिवस झाले होते. दोघांचे गणित अचूक. फक्त एकाने सूर्याची हद्द पाहिली, दुसऱ्याने चंद्राची.

गोव्यात तर एकाच गावात दोन गणिते नांदतात. ख्रिस्ती मंडळींचा ईस्टर हाही चंद्राला बांधलेला सण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पुनवेनंतरचा रविवार तो ईस्टर. त्याच्या 46 दिवस आधी उपवासाचा काळ सुरू होतो, आणि त्याच्या आधीचे चार दिवस इंत्रुजची, म्हणजे कार्निव्हालची, धमाल. 2025 साली होळीची पुनव 14 मार्चला पडली. ती 21 च्या अलीकडची, म्हणून चर्चने ती सोडून एप्रिलची पुनव धरली. ईस्टर 20 एप्रिलवर गेला, त्यामुळे इंत्रुजही पुढे सरकून 4 मार्चला संपला आणि पाठोपाठ दहा दिवसांत शिगमो आला. त्याआधीच्या वर्षी दोघांनी एकच पुनव धरली होती. तेव्हा इंत्रुज फेब्रुवारीच्या मध्यावरच उरकला आणि शिगम्यापर्यंत महिन्याहून अधिक अंतर पडले. पणजीच्या रस्त्यांवर चित्ररथ हाकणाऱ्यांना या दोन पुनवांचा हिशेब मांडवाच्या बांबूंइतकाच महत्त्वाचा असतो.

फडातला शिमगा

या सगळ्या गणितात न बसणारी एक कालगणना बीड जिल्ह्याने मात्र अंगावर घेतली आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन येथली हजारो बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ही बिऱ्हाडे परततात ती गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे, आणि पट्टा पडणे ना चंद्रावर अवलंबून, ना सूर्यावर. ते अवलंबून असते फडात उरलेल्या उसावर. होळी लवकर आली, तर ती हमखास फडात सापडते. कोपीपुढे पाचटाचा भारा पेटवायचा, पोळी जमली तर जमली, आणि रात्री गाडी भरायला आली की उठायचे. चाकरमान्याला शिमग्याची रजा हक्काने मिळते आणि कोयत्याला मिळत नाही, ही गोष्ट कोणत्याही पंचांगात लिहिलेली नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्याला त्या रात्री पुनवेचा उजेड तेवढा उपयोगी पडतो.

होळी उशिरा आली की मात्र काही टोळ्या गावात पोहोचलेल्या असतात. 2026 साली ज्येष्ठ अधिक आहे. म्हणजे 2027 ची होळी 22 मार्चच्या सुमारास. दिंद्रुडच्या त्या आईला हे आकडे सांगण्याची गरज नाही. गुरुजीने पुढल्या होळीची रजा कधी टाकू म्हणून विचारले, तर ती एवढेच म्हणेल, ‘‘धोंडा पडलाय न्हवं मधी, मग होळी लांबतीय. ज्वारी घरात येताना ये, कामाला बी होशील.’’